हात वर करण्यापूर्वी

रविवारची पवित्र मिस्सा आटोपली म्हणजे चर्चसमोरच्या पटांगणात घटकाभर गर्दी असते. कोणी आजाऱ्याची विचारपूस करतो, कोणी मुलीच्या लग्नाची बातमी देतो, कोणी पावसाची तक्रार सांगतो. आमच्या गोव्यात वर्षातून निदान चार रविवार असे येतात की, त्याच सकाळी थोड्या वेळाने पंचायतघरात ग्रामसभा भरते. जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांतील एकेक रविवार कायद्यानेच तिच्यासाठी राखून ठेवला आहे. चर्चपासून पंचायतघर काही फार दूर नाही. पायी गेल्यास पाच मिनिटांची वाट. तरी मिस्सेला आलेल्यांपैकी फारच थोडी माणसे त्या वाटेला लागतात. आम्हीही पुष्कळ वर्षे लागत नव्हतो. आज ही हकीकत लिहावयास बसलो आहोत ती इतरांस बोल लावण्यासाठी नव्हे. आमच्या हातून एक चूक घडली, तिच्यामुळे एका गरीब घरात पाणी शिरले, आणि पंचायत म्हणजे काय हे आम्हांस तेव्हा कळले. तेवढेच सांगावयाचे आहे.

२०१२ साली आम्ही आमच्या प्रभागातून पंच म्हणून निवडून आलो. सात पंचांची आमची पंचायत. निकाल लागला त्या संध्याकाळी अंगणात फटाके वाजले, आणि दुसऱ्या दिवसापासून दारात माणसे येऊ लागली. एकास आपल्या वाटेवर दिवा हवा होता. दुसऱ्यास शेजाऱ्याचा फणस तोडून हवा होता. तिसरा भावाभावांतील जमिनीचा तंटा घेऊन आला, तर चौथ्यास मुलासाठी सरकारी नोकरी पाहिजे होती. पंचाच्या हाती सारे काही आहे, अशी त्या बिचाऱ्यांची समजूत. आणि खरे सांगावयाचे तर आमचीही समजूत त्याहून फारशी निराळी नव्हती. त्या चौघांपैकी केवळ पहिल्याचे काम पंचायतीचे होते. परंतु 'पाहतो' असे आम्ही चौघांनाही सांगितले. चुकीची सुरुवात तेथेच झाली होती.

आमच्या पूर्वजांना गावकारभार नवा नव्हता. गोव्यातील गावकरी, जिला पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद हे नाव पडले, ती संस्था फार प्राचीन. गावची शेते पावणीस लावणे, बांध व मानसी राखणे, उत्पन्नातून गावाचा खर्च भागवणे व उरलेल्यातून गावकारांस त्यांचा जोण देणे, ही कामे ती करीत आली. १५२६ साली पोर्तुगिजांनी तिचे रीतिरिवाज एका सनदेत नोंदवून घेतले, यावरून तिचे वय ध्यानात यावे. परंतु गावकरीत बसण्याचा मान मूळ गावकार घराण्यांतील पुरुषांचा. मोलमजुरी करणारा, बाहेरून येऊन राहिलेला, भाटकाराच्या जागेत झोपडी बांधून राहिलेला मुंडकार, आणि स्त्री मग ती कोणत्याही घरची असो, यांना तेथे शब्द नव्हता. पुढे पोर्तुगीज राज्यकारभारात फ्रेगेझिया, म्हणजे चर्चचा धर्मग्राम, हाच कारभाराचाही सर्वांत लहान घटक ठरला आणि त्यावर रेजिदोर नेमला जाऊ लागला. रेजिदोरास वरून नेमीत. त्यास गाव निवडीत नसे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६२ सालीच ग्रामपंचायतींचा कायदा लागू होऊन निवडणुका झाल्या. ज्या आजीला कोणी कधी काही विचारले नव्हते, तिनेही त्या वेळी मत दिले. नंतर त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतींना राज्यघटनेतच स्थान मिळाले. दर पाच वर्षांनी निवडणूक झाली पाहिजे, निदान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या पाहिजेत, मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येकाची ग्रामसभा असली पाहिजे, हे तेव्हा ठरले. त्याला धरून गोव्याचा पंचायत राज कायदा १९९४ साली झाला.

या कायद्याने पंचायतीस दिलेली कामे वरवर पाहता लहान दिसतात. गावातील रस्ते, गटारे, विहिरी व तळी स्वच्छ राखणे. वाटांवर दिवे लावणे. स्मशानांची व दफनभूमींची निगा घेणे. घरपट्टी व व्यवसायाची फी गोळा करणे. आणि घर किंवा कुंपणाची भिंत बांधावयाची झाल्यास तिला परवाना देणे. शेवटचे काम मोठे नाजूक. परवाना मागणाऱ्यास ठराविक मुदतीत होय किंवा नाही असे उत्तर देणे हे पंचायतीवर बंधन आहे. पण आधी इतर खात्यांचे दाखले पाहिले पाहिजेत. शेतजमिनीवर घर बांधावयाचे तर जिल्हाधिकाऱ्यांची सनद लागते. सखल जागेत भर घालावयाची तर नगरनियोजन कायद्याच्या १७ अ कलमान्वये त्या खात्याची परवानगी लागते. पंचायत ही या साखळीतील शेवटची कडी आहे. पहिली कडी नसताना शेवटची जोडण्याचा अधिकार तिला नाही.

हे सारे आम्ही आज लिहीत आहो. त्या वेळी आमच्यापाशी यातील अर्धेही ज्ञान नव्हते, आणि जे होते ते वापरण्याची इच्छा नव्हती.

आमच्याच धर्मग्रामातील एक गृहस्थ पुष्कळ वर्षे परदेशी नोकरी करून परत आले. माणूस मनाचा उदार; कपेलाचे छप्पर गळत होते तेव्हा कोणी न मागता त्यांनी मदत केली होती. गावाच्या खालच्या अंगास, शेतांच्या कडेला, एका जुन्या भाटकाराच्या वारसांकडून त्यांनी जागा विकत घेतली. तिच्यात भर घालून भोवती भिंत बांधावी असा त्यांचा विचार. अर्ज पंचायतीपुढे आला. सचिवांनी कागद चाळले व हलक्या आवाजात म्हणाले, "यात नगरनियोजन खात्याचा दाखला दिसत नाही. शिवाय नकाशात भिंत व्हाळावरून गेली आहे."

क्षणभर सारे गप्प बसले. मग आम्हीच बोललो. आम्ही म्हणालो, "आपलाच माणूस आहे. कागद मागाहून येईल. पावसाआधी त्यांचे काम उरकू द्या." एवढे बोलून आम्ही हात वर केला. आमच्यापाठोपाठ आणखी तीन हात वर झाले. सातांपैकी चार, ठराव मंजूर. इतिवृत्तात दोन ओळी लिहिल्या गेल्या. त्या रात्री आम्हांस समाधानाची झोप लागली, कारण आम्ही एका सज्जनाचे काम केले होते.

त्या जागेच्या वरच्या बाजूस एक वृद्ध विधवा मातीच्या भिंतींच्या घरात राहते. तिचा नवरा त्याच भाटकाराचा मुंडकार होता. तिला आम्ही लहानपणापासून मावशी म्हणतो. तिच्या घरामागून येणारे डोंगराचे पाणी त्या व्हाळातून शेतांत उतरत असे. उन्हाळ्यात व्हाळ कोरडा असतो. पाहणाऱ्यास ती नुसती खोलगट वाट वाटावी. आम्ही ठराव केला तो उन्हाळ्यात, आणि जागा पाहावयास आम्ही गेलोच नव्हतो.

२०१४ च्या जुलैच्या आरंभी तीन दिवस पावसाने उसंत घेतली नाही. भिंतीने अडवलेले पाणी मागे हटले व रात्रीच्या वेळी मावशीच्या घरात गुडघाभर शिरले. तिने भाताची कणगी कशीबशी बाजेवर चढवली आणि पवित्र कुटुंबाची तसबीर छातीशी धरून ती पहाटेपर्यंत उंबऱ्यापलीकडील ओट्यावर बसून राहिली. मागची भिंत अर्धी खचली. माणूस वाचले, ही देवाची कृपा.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर ती चर्चच्या पायरीपाशी आमची वाट पाहत उभी होती. ती रागावली असती तर आम्हांस बरे वाटले असते. ती एवढेच म्हणाली, "पुता, पाणी कुठून जावे हे पंचायतीला ठाऊक नसते काय रे?"

आम्हांस उत्तर सुचले नाही.

घरी आल्यावर मात्र आमच्या अंगात निराळेच वारे शिरले. त्याच संध्याकाळी आम्ही सचिवांस गाठले व म्हणालो, "उद्याच्या उद्या भिंत पाडून टाका. आणि मावशीची घराची जागा तिच्या नावे करून देण्याचा ठराव घ्या." सचिवांनी आम्हांस बसावयास सांगितले, पाणी दिले आणि शांतपणे समजावले. भिंतीच्या मालकास नोटीस द्यावी लागेल. त्याचे म्हणणे ऐकावे लागेल. जागेची पाहणी करून पंचनामा करावा लागेल. मावशी मुंडकार आहे की नाही हे पंचायत ठरवू शकत नाही. १९७५ च्या मुंडकार कायद्याप्रमाणे तो निर्णय मामलेदारांचा. जमिनीच्या मालकीचा वाद असेल तर तो दिवाणी न्यायालयाचा. पंचायतीचा निर्णय ज्याला मान्य नसेल त्याला पंचायत संचालकांकडे अपील करता येते. शेवटी ते म्हणाले, "त्या दिवशी आपण नियम ओलांडलात ते श्रीमंतासाठी. आज ओलांडू म्हणता ते गरिबासाठी. पण एकदा मोडलेले कुंपण कोणाची गुरे आत येतात हे पाहत नाही."

त्या वाक्याने आम्ही खाली पाहिले. मर्यादा ही आम्हांस नेहमी अडचण वाटत आली होती. आपल्या माणसाचे काम अडले की ती अडचण, आणि मनात दया दाटून आली की तेव्हाही ती अडचणच. वास्तविक त्या एका कागदाच्या मागणीत मावशीचे घर सुरक्षित होते. तो दाखला मागितला असता तर कोणीतरी अधिकारी जागेवर आला असता, त्याने व्हाळ पाहिला असता, आणि भिंत दुसरीकडून गेली असती. ज्या मर्यादेला आम्ही कागदी म्हटले, तीच त्या विधवेची भिंत होती. तिची मातीची भिंत पाण्याने पाडली. ही दुसरी भिंत त्यापूर्वीच आम्ही पाडून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही विगारांकडे गेलो. त्यांनी पुढच्या मिस्सेत वेदीवरून दोन शब्द सांगावेत, म्हणजे ते गृहस्थ ऐकतील, अशी विनंती आम्ही केली. फादरांनी ती मानली नाही. ते म्हणाले, "वेदीवरून मी कोणाची भिंत पाडणार नाही. ते पंचायतीचे काम आहे, तेथेच व्हावयास पाहिजे. पण तुम्ही तेथे जाल तेव्हा काय सांगाल, हा प्रश्न मात्र माझ्याकडे आणण्यासारखा आहे." प्रेषितांच्या काळीही असेच घडले होते. रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होते अशी कुरकुर यरुशलेमच्या मंडळीत उठली, तेव्हा प्रेषितांनी वचनाची सेवा सोडून पंगतीचा कारभार आपल्या हाती घेतला नाही. त्यांनी लोकांनाच नावाजलेले सात जण निवडावयास सांगितले. योगायोग असा की, आमच्या पंचायतीतही सातच होते. आणि आमच्याकडेही प्रश्न एका दुर्लक्षित विधवेचाच होता.

त्या महिन्याच्या ग्रामसभेस आम्ही गेलो. खोलीत माणसे पंचवीसच्या आतबाहेर असतील. मावशी आली नव्हती. तिची शेजारीण मात्र मागच्या बाकावर बसली होती. ते गृहस्थही आले होते. आम्ही उभे राहिलो आणि सांगितले की, दाखला नसताना, जागा न पाहता, आम्ही परवान्याच्या बाजूने हात वर केला. तो अधिकार आम्हांस नव्हता. दोष भिंत बांधणाऱ्याचा असेल त्याहून अधिक आमचा आहे. एवढे सांगताना आमचा आवाज थरथरत होता हे आम्ही लपवीत नाही. आपल्याच मतदारांपुढे, आपल्याच धर्मबांधवांपुढे असे बोलणे सोपे नसते.

ग्रामसभेने पाहणीचा ठराव केला व रीतसर नोटीस निघाली. परंतु नोटिशीची मुदत संपेपर्यंत थांबण्याची वेळ आली नाही. पाऊस थोडा उघडताच त्या गृहस्थांनी स्वतः माणसे लावून भिंतीचा तेवढा भाग काढला, खाली रुंद मोरी घातली आणि व्हाळ मोकळा केला. भर घालण्याचे काम दाखला मिळेपर्यंत बंद ठेवले. ते आम्हांस म्हणाले, "मला तेव्हाच नाही म्हणाला असता तर मला राग आला असता खरा, पण तो आठवडाभराचा. मावशीच्या घरात पाणी गेले ही टोचणी जन्माची आहे." आपल्या माणसावर खरे प्रेम असेल तर त्याला वेळेवर नाही म्हणावे, हा धडा त्यांनीच आम्हांस दिला. मावशीची भिंत वाड्यावरील तरुणांनी श्रमदानाने उभारली. तिचा मुंडकारीचा अर्ज मामलेदार कचेरीत, जेथे तो जावयास पाहिजे होता तेथे, दाखल झाला.

पवित्र शास्त्रात नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. अहाब राजास तो मळा भाजीच्या वाफ्यांसाठी हवा होता. नाबोथाने वाडवडिलांचे वतन द्यावयाचे नाकारले. ईजबेल राणीने कपट रचले व तो निरपराध माणूस मारला गेला. ही कथा ऐकताना आपले लक्ष राजाराणीकडे असते. पण तिच्यात आणखी काही माणसे आहेत, त्यांची नावेही कोठे दिलेली नाहीत. ती म्हणजे नाबोथाच्या नगरातील वडीलधारी मंडळी. राणीचे पत्र त्यांच्या हाती आले आणि त्यांनी पत्रातल्याप्रमाणे सारे केले. सभा बोलावली, साक्षीदार उभे केले. रीतीत उणे काही नव्हते. एकाने जरी उठून विचारले असते की हे करण्याचा आपणांस अधिकार काय, तर नाबोथ कदाचित वाचला असता. ती त्या काळची पंचायतच म्हणावयाची. आमच्या ठरावातही चार हात होते, आणि रीतीप्रमाणे इतिवृत्त लिहिले गेले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत खेडेगावांविषयी फार कठोर शब्द काढले होते. गाव म्हणजे संकुचितपणाचे व जातीयतेचे आगर, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. गावाचे गुणगान गाणाऱ्यांस ते रुचले नाही, आणि त्याच महिन्यात ग्रामपंचायतींविषयीचे चाळिसावे कलम राज्यघटनेच्या मसुद्यात घालण्यात आले. आम्हांस दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. गावचा कारभार गावाने करावा हे योग्य. आणि 'आपला माणूस' एवढ्या दोन शब्दांनी तो कारभार नासतो हेही खरे. बाबासाहेबांनी ज्या रोगाची नाडी पाहिली होती, तो आम्ही त्या दिवशी स्वतःच्या तोंडून बोलून दाखवला होता.

म्हणूनच अधिकाराच्या पायऱ्या असतात. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसे, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो याने त्यास सल्ला दिला की, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर देवभीरू व लाचेचा तिटकारा असलेली माणसे नेम; लहान गोष्टी त्यांनी निवडाव्यात, मोठ्या तुझ्याकडे याव्यात. परमगुरुस्वामी अकरावे पायस यांनी १९३१ सालच्या आपल्या परिपत्रकात हेच तत्त्व समाजाला लावून दाखवले: धाकट्या संस्थेस जे नीट करता येते ते थोरलीने बळकावू नये. याची दुसरी बाजू आम्ही अनुभवाने शिकलो. जे आपल्या पायरीवरचे नाही ते धाकटीनेही बळकावू नये. आणि जे तिच्या पायरीवरचे आहे, जसे की गावचे पाणी कुठून जाते हे जाणणे, ते तिने दुसऱ्यावर ढकलू नये.

वाचकहो, आमची मुदत २०१७ साली संपली. पुन्हा आम्ही उभे राहिलो नाही, परंतु ग्रामसभा चुकवीत नाही. तेथे पंचायतीचा जमाखर्च वाचला जातो, पुढील वर्षाची कामे ठरतात, आणि मतदारयादीत नाव असलेल्या कोणासही उठून प्रश्न विचारता येतो. त्यासाठी शिक्षण मोठे लागत नाही. ही जागा कोणी पाहिली काय? सर्व दाखले आहेत काय? याच्या शेजारी कोण राहते? हे तीन प्रश्न आमच्या सभेत कोणी विचारले असते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. पंचास मत देऊन आपले कर्तव्य संपत नाही. त्याने हात वर करण्यापूर्वी त्यास विचारणारे कोणीतरी समोर बसलेले असावे लागते. तो मोहात पडू नये म्हणून प्रार्थना करावी हे खरेच, परंतु बाकावर जाऊन बसणे हाही त्या प्रार्थनेचाच भाग आहे.

मावशी आता फार थकली आहे. काठी टेकीत मिस्सेला येते. गेल्या ग्रामसभेच्या रविवारी पटांगणात तिने आमचा हात धरला व म्हणाली, "चल पुता, मलाही ने तिकडे. माझ्या वाटेवरचा दिवा गेलाय. हे काम तरी पंचायतीचेच ना?"

आम्ही म्हणालो, "होय मावशी, हे पंचायतीचेच." आणि ती पाच मिनिटांची वाट आम्ही दोघे अर्ध्या तासात चालून गेलो.